बिनवल्ह्याचा तांडेल

गणपतीची मूर्ती चौघे उचलतात आणि पाचवा "जरा डावीकडे... आता उजवीकडे... हां, बास" म्हणत उलट्या पावलांनी पुढे चालतो. पंगतीत वाढणारे घामाघूम होतात आणि एकजण उपरणं सावरत "अरे, ह्या ओळीला मठ्ठा!" असं ओरडत फिरतो. लोखंडी कपाट जिन्यात अडकलं की हमालांच्या आधी तो हजर. ह्या माणसाच्या हाताला कधी घट्टे पडत नाहीत, घसा मात्र बारा महिने बसलेला असतो. गावोगाव असा एक असतोच. आमच्या मुरुडात ती जागा भाईंची होती.

फरक इतकाच, की बाकीच्या गावांतल्या ह्या मंडळींना आपल्या कामाला नाव आहे हे ठाऊक नसतं. भाईंना ठाऊक होतं. "ह्याला कॉक्स म्हणतात," ते सांगत. "ऑलिंपिकमध्ये ह्यालाही पदक मिळतं. वल्हवणाऱ्यांना मिळतं तेवढंच. एक गुंज कमी नाही."

भाई मूळचे इथलेच. मुंबईला गोदीत कारकुनी केली, निवृत्त झाले आणि वडिलांच्या पोफळीच्या वाडीत येऊन राहिले. गोदीत तीस वर्षं काढली असली तरी बोटीवर पाय ठेवलेला नव्हता. बोटींचे कागद तेवढे बघितले होते. कारण भाईंना समुद्र लागायचा. राजपुरीच्या धक्क्यावरून जंजिऱ्याला शिडाच्या होड्या जातात. मुंबईच्या पाहुण्यांना घेऊन भाई एकदा त्या होडीत बसले. होडी अजून धक्क्याला बांधलेलीच होती, आणि भाईंचा चेहरा कच्च्या सुपारीसारखा हिरवा झाला. तेव्हापासून पाहुणे होडीत आणि भाई काठावर. तिथूनच हात लांब करून एकोणीस बुरूज मोजून दाखवायचे, कलालबांगडी तोफ कुठं ठेवली आहे ते सांगायचे. पाहुणे परत आले की त्यांना काय काय दिसलं हेही भाईच सांगायचे.

ह्या माणसाला होड्यांच्या शर्यतींचं वेड लागलं ते पुण्यात, म्हणजे समुद्रापासून सुरक्षित अंतरावर. पुतण्या तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात होता. कॉलेजचा बोट क्लब मुठेच्या काठावर आहे आणि तिथं १९२८ पासून रेगाटा होतो. भाई पुतण्याचं कौतुक करायला गेले आणि पुतण्याकडे बघायचंच विसरले. समोरून एक लांब, सडपातळ होडी आली. चौघे जण पाठमोरे बसून वल्हवत होते. पाचवा किडकिडीत, त्यांच्याकडे तोंड करून बसलेला. हातात वल्हं नाही, काही नाही, नुसता ओरडत होता. आणि चौघे त्याचं ऐकत होते! भाईंच्या आयुष्यात चार माणसं एका वेळी, एका जागी बसून त्यांचं ऐकताहेत असं कधी घडलं नव्हतं. घरीसुद्धा नाही. ते परत आले तेच मुळी दीक्षा घेतल्यासारखे.

मग रद्दीवाल्याकडची जुनी क्रीडामासिकं, वाचनालयातले कोश आणि पुढे पुतण्यानं हातात दिलेला मोबाइल, असा अभ्यास चालला. अभ्यास झाला की श्रोते लागतात. ते सरकारनं दिले. १ जून ते ३१ जुलै किनाऱ्यावर मासेमारी बंद. होड्या वर ओढून झापांखाली झाकलेल्या, कोळीवाड्यात माणसं जाळी दुरुस्त करत बसलेली, उठून जायला समुद्र नाही. कोळ्यांचा हंगाम संपला की भाईंचा सुरू व्हायचा. छत्री, वही आणि घडीची खुर्ची घेऊन ते कोळीवाड्यात उतरत. समोर मुख्य श्रोता म्हणजे एक म्हातारा तांडेल. कान त्याचा चांगला होता, आणि कान चांगला असणं हे तिथं संकटच होतं.

"तांडेल, शर्यतीत वल्हवणारा पाठमोरा बसतो, बरं का."

"आमी बी तसंच बसायचो. त्यात काय नवीन?"

"नवीन हे, की जो पुढं जातो त्याला पुढचं काही दिसत नाही. मागं पडलेल्यांची तोंडं तेवढी दिसतात. पुढचं दिसतं एकट्या कॉक्सला."

"तांडेलाला."

"तेच ते. पण कॉक्स वल्हं धरत नाही."

"आमचा तांडेल धरतो," म्हातारा म्हणाला आणि सुतळी दातानं तोडली.

शर्यतींचा इतिहास भाई १७१५ पासून काढत. लंडनच्या थेम्स नदीवर उतारू नेणारे नावाडी होते. त्यांच्यातल्या नव्यानं परवाना मिळालेल्या पोरांसाठी डॉगेट नावाच्या नटानं शर्यत लावली; बक्षीस म्हणून अंगरखा आणि चांदीचा बिल्ला. तीनशे वर्षं झाली, शर्यत अजून चालू आहे. भाईंनी तिचं नाव 'डॉगेटचा डगला' असं करून टाकलं होतं आणि तांडेलाला ती एकच इंग्रजी शर्यत मनापासून पटली होती. पोटासाठी वल्हवणारा, त्यालाच शर्यत, त्यालाच डगला. हिशोब सरळ.

पुढचा इतिहास मात्र सरळ नव्हता. १८२९ साली ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे विद्यार्थी हेन्ली गावाजवळ पहिल्यांदा शर्यत लावून वल्हवले, १८३९ पासून त्या गावात दरवर्षी रेगाटा भरू लागला, आणि १८९२ साली इटलीतल्या तुरीनला आंतरराष्ट्रीय महासंघ निघाला. हे सगळं भाई घाईघाईनं उरकत, कारण त्यांना हेन्लीच्या नियमावर यायचं असे. नियम असा होता: शर्यत हौशी लोकांची. ज्यानं पगार घेऊन होडीवर काम केलं असेल, जो कारागीर असेल, मजूर असेल, त्याला प्रवेश नाही.

"थांबा," तांडेलानं जाळं खाली ठेवलं. "म्हंजे आमी खाऱ्या पान्यात जनम काढला, म्हनून आमाला होडीच्या शर्यतीत बंदी?"

"पूर्ण बंदी."

"आनि तुमाला?"

भाई जरा थांबले. इतिहासाशी प्रामाणिक राहायचं की कोळीवाड्याशी, असा तो प्रसंग होता.

"मला चाललं असतं," ते म्हणाले. "मी कारकून."

त्या दिवशी व्याख्यानाला चहा मिळाला नाही.

खरं तर चहा परत मिळवून देणारी गोष्ट भाईंच्या वहीत पुढच्याच पानावर होती. ती जॅक केली ह्या अमेरिकन गवंड्याची. त्यानं १९२० साली हेन्लीला एकेरी शर्यतीसाठी नाव पाठवलं, ते परत आलं. त्याच्या क्लबाचं आणि हेन्लीवाल्यांचं जुनं वैर होतंच, त्यात ह्यानं हातानं विटा रचलेल्या. त्या वर्षी हेन्ली जिंकली बेरेसफर्ड नावाच्या इंग्रजानं. थोड्याच दिवसांत अँटवर्पला ऑलिंपिक आलं. अंतिम शर्यतीत शेजारशेजारच्या होड्यांत केली आणि बेरेसफर्ड. गवंड्यानं इंग्रजाला एका सेकंदानं हरवलं, आणि अर्ध्या तासानं चुलतभावाबरोबर दुहेरीचंही सोनं घेतलं. पुढे त्याची मुलगी ग्रेस हॉलिवूडची नटी झाली, मोनॅकोच्या राजघराण्यात गेली. आणि १९४७ साली त्याच्या मुलानं जाऊन तीच हेन्ली जिंकली.

"पोरानं बापाचं उसनं फेडलं," तांडेल म्हणाला. ही गोष्ट त्याला इतकी आवडली की केली हा कोळी असणार, असं त्यानं ठरवून टाकलं. नावही जवळचंच.

१९३६ साली ऑस्ट्रेलियाचे आठ वल्हेकरी बर्लिनच्या ऑलिंपिकला निघाले, वाटेत हेन्लीला उतरावं म्हणाले. ते पोलीस होते. पोलीस म्हणजे अंगमेहनतीचा धंदा, म्हणून त्यांनाही दार बंद. त्यावर इतका बोभाटा झाला की पुढच्याच वर्षी तो नियम काढावा लागला. हे ऐकून कोळीवाड्यातल्या एकाला विलक्षण आनंद झाला. पोलिसाला कुणी अडवलं ही बातमी त्याला फार वर्षांनी मिळत होती.

तांडेलाचाही एक इतिहास होता आणि तो भाईंच्या इतिहासाहून जुना होता. मोरोपंत पेशव्यांनी जंजिऱ्यावर मोहीम काढली तेव्हा लाय पाटील नावाच्या कोळ्यानं काळोख्या रात्री तटाला शिड्या लावल्या आणि फौजेची वाट बघत बसला. फौज वेळेवर आली नाही. शिवाजी महाराजांनी त्याला पालखीचा मान देऊ केला. पाटील म्हणाला, दर्यात फिरणाऱ्या माणसानं पालखी घेऊन करायचं काय? तेव्हा महाराजांनी गलबत बांधून दिलं आणि त्याचं नाव ठेवलं 'पालखी'. मुरुडात ही गोष्ट अशी सांगतात, जसं काही पाटील कालच धक्क्यावर भेटला होता.

भाई ही गोष्ट वहीत उतरवून घेत आणि लगेच तिचं गणित मांडत. मराठ्यांच्या गलबताला चाळीस-पन्नास वल्ही असत. वारा पडला की ही गलबतं मोठाल्या गुराबांना दोर लावून ओढून नेत. १६७९ साली खांदेरीच्या लढाईत इंग्रजांची जहाजं वाऱ्याच्या भरवशावर आणि आपले लहान मचवे वल्ह्यांच्या. इंग्रजांचं 'डव्ह' नावाचं गुराब आपण धरून आणलं. "ऑक्सफर्डला माणसं किती? आठ. म्हणजे एका गलबतात पाच ऑक्सफर्ड बसतात," भाई म्हणत. "तो महासंघ तुरीनला निघाला ही भूगोलाची चूक आहे. तो राजपुरीच्या धक्क्यावर निघायचा."

"आनि त्या गलबतात न वल्हवनारा कारकून किती?" तांडेल विचारी.

भाईंची सगळ्यांत यशस्वी गोष्ट इव्हानोव्हची. पावसाची झड लागली की पोरंच ती सांगायला लावत. १९५६ चं मेलबर्न ऑलिंपिक. वल्हवण्याच्या शर्यती बॅलॅरट गावाच्या वेंडुरी तळ्यावर. रशियाचा इव्हानोव्ह, अठरा वर्षांचा पोरगा, एकेरीत सोनं जिंकला. आनंदानं त्यानं पदक हवेत उडवलं, आणि ते तळ्यात पडलं. त्यानं बुड्या मारल्या, लोकांनी शोधलं, पदक काही मिळालं नाही. शेवटी ऑलिंपिक समितीनं त्याला दुसरं दिलं.

ह्या गोष्टीवर कोळीवाड्यात जेवढी चर्चा झाली तेवढी ग्रामदैवताच्या पालखीच्या वाटेवरही झाली नसेल. तळं खोल किती? खाली चिखल की वाळू? अजून तिथंच असेल काय? दोघा पोरांनी जायचं-यायचं भाडं कोण देतो ते विचारलं. कुणी म्हणालं, बारीक आसाचं जाळं ओढलं असतं तर तासाभराचं काम. तांडेल सगळ्यांचं ऐकून घेऊन म्हणाला, "येडे हाव तुमी. त्यानं पान्याला सोन्याचा नारल दिला. दिलेला परत मागायचा नसतो. पुढं काय झाला त्याचा?"

"१९६० ला सोनं. १९६४ ला सोनं," भाई म्हणाले. "सलग तीन."

"मग!" म्हाताऱ्यानं हात जोडले. "दर्या पावला."

वेंडुरी हा दर्या नसून तळं आहे, हा खुलासा भाईंनी केला नाही. तेवढी समज त्यांना होती.

आता सांगायला हवं की ह्या सगळ्या माहितीत भाईंच्या जिवाचा तुकडा म्हणजे पॅरिसचा पोरगा. १९०० सालचं ऑलिंपिक, सेन नदी. हॉलंडचे ब्रांट आणि क्लाइन हे दोघे वल्हेकरी आणि त्यांचा कॉक्स ब्रॉकमन. पहिल्या फेरीत त्यांच्या लक्षात आलं की फ्रेंचांनी कॉक्सच्या जागी चिमुरडी पोरं बसवली आहेत आणि आपण साठ किलोंचा बाप्या वाहतो आहोत. अंतिम फेरीला त्यांनी ब्रॉकमनला उतरवलं आणि काठावरचा एक फ्रेंच पोरगा उचलून बसवला. तेहेतीस किलोंचा. जेमतेम जिंकले. हरले ते फ्रेंच, आणि त्यांना हरवणाऱ्या होडीचं सुकाणू फ्रेंच पोराच्या हाती. विजेत्यांबरोबर त्या पोराचा फोटो निघाला, मग तो जो गेला तो गेलाच. नाव कुणी लिहून घेतलं नाही. ऑलिंपिकच्या नोंदीत तो नुसता 'अनोळखी मुलगा'.

"एकाही माणसाला सुचू नये? पेन्सिल नव्हती काय पॅरिसमध्ये?" इथं भाईंचा आवाज कापायचा. कारकुनाला नोंद राहून गेल्याचं दुःख किती खोल असतं ते कारकुनालाच कळे.

२०१६ च्या पावसाळ्यात भाई भलत्याच तारेत होते. रिओच्या ऑलिंपिकला भारताचा एकच वल्हेकरी निघाला होता आणि तो मराठी होता. दत्तू बबन भोकनळ, तळेगाव रोही, तालुका चांदवड, जिल्हा नाशिक. भाईंनी तालुका शब्दावर बोट आपटलं. "चांदवड! टँकरचा मुलूख! बाप विहिरी खणायचा, हाही खणायचा. २०१२ साली लष्करात गेला, खडकीला बाँबे सॅपर्समध्ये. तिथं पहिल्यांदा ही होडी बघितली. पाण्याची भीती वाटायची त्याला!"

"आनि चार वर्सांत ऑलिंपिक?" तांडेलानं मान वळवून आपल्या वाड्यातल्या पोरांकडे बघितलं. पोरं मोबाइलमध्ये होती. "आमच्यांचं इंजन बंद पडलं तर फोन लावतात. वल्हं बगितलंय का रं कुनी?"

शर्यतीच्या दिवशी भाईंनी कोळीवाडा आपल्या ओटीवर बोलावला. टीव्ही सुरू केला तर त्यावर दुसराच खेळ. आणि मग पाऊस आला, वीज गेली. मुरुडच्या पावसाचं आणि मुरुडच्या विजेचं कधी जमलेलं नाही. सगळे अंधारात बसून राहिले. बऱ्याच वेळानं पुतण्याचा पुण्याहून फोन आला. भाईंनी तो ऐकला आणि उभे राहून ओरडले, "पहिला! सहा मिनिटं चोपन्न पूर्णांक शहाण्णव सेकंद! दत्तू पहिला!"

काय गलका झाला! वहिनींनी डब्यातले होते नव्हते तेवढे लाडू काढले. लाडू तोंडात असताना भाई पुन्हा म्हणाले, "म्हणजे तेरावा."

कुणाला काही कळेना. पहिला आणि तेरावा हे एकाच माणसाचं एकाच दिवशी कसं होतं? भाईंनी समजवायला घेतलं: उपांत्यपूर्व फेरीत तो चौथा आला, थोडक्यात हुकला, मग खालच्या उपांत्य फेरीतून क गटाच्या अंतिम शर्यतीत गेला. अ गटात एक ते सहा, ब गटात सात ते बारा, क गटात तेरा ते अठरा. जितकं समजवावं तितका गोंधळ वाढत चालला. शेवटी तांडेलानं सोडवलं. "तिसऱ्या पंगतीचं पयलं पान," तो म्हणाला. सगळ्यांना एकदम कळलं. लाडू परत मागितले गेले नाहीत. (दोन वर्षांनी आशियाई खेळांत दत्तू आणि त्याचे तिघे साथीदार चौघांच्या होडीत सोनं जिंकले. तेव्हा वीज होती.)

त्या रात्री त्या अंधाऱ्या ओटीवर ठरलं की आपणही शर्यत लावायची. चार-पाच दिवसांवर नारळी पुनव आली होती. बाहेर समुद्र खवळलेला, पण खाडीच्या तोंडाशी आत पाणी निवांत असतं, आणि पुनवेला दुपारी बाराच्या सुमाराला भरती. एका होडीत मुरुडची आठ पोरं, दुसरीत समोरच्या एकदऱ्याची आठ. कॉक्स कोण, हा प्रश्नच नव्हता. भाई बाजारात जाऊन शिटी घेऊन आले.

अडचण निघाली ती वल्ह्यांची. घरोघर इंजिनाच्या बोटी, वल्ही कुणाकडे राहिलेली? एक सापडलं ते कोंबड्यांच्या खुराड्याला अडणा म्हणून लावलेलं. एक बोंबलांच्या वलांडीत खांब होऊन उभं होतं, दोन माळ्यावर गळतीत कुजलेली. उरलेली सुतारानं दोन दिवसांत करून दिली, ती वल्ही कमी आणि फळ्या जास्त. भाईंनी तोवर सांगून ठेवलं होतं की आठ जणांची शर्यतीची होडी शहाण्णव किलोंची असते. तांडेल म्हणाला, "आमचा नांगर तेवढा जड हाय." तरी पोरांनी चार दिवस सराव केला. पहिल्या दिवशी आठ वल्ही आठ वेळांना पाण्यात पडत होती. दुसऱ्या दिवशी दोघांची डोकी फुटता फुटता राहिली. भाई काठावरून शिटी वाजवत आणि "एकदम! एकदम!" असं ओरडत. तिसऱ्या दिवशी खरोखर एकदम झालं, पाचसहा वल्हवण्यांपुरतं. होडी पाण्यातून अशी सरकली जशी सुरी पिकल्या पपईतून. मी तिथं होतो. भाई शिटी वाजवायचं विसरले. छत्री मिटवून ते नुसते बघत राहिले, आणि पावसात भिजले.

आणि भाईंनीच एक चूक केली. सरावानंतर गप्पा मारताना त्यांनी पोरांना सांगितलं की जिंकल्यावर कॉक्सला उचलून पाण्यात फेकायची परंपरा आहे. सांगून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला पोहता येत नाही.

पुनवेच्या सकाळी भाई पांढरा सदरा, डोक्याला टोपी, गळ्यात शिटी अशा थाटात धक्क्यावर आले. मासळीच्या लिलावाचा काटा तिथंच असतो. पोरांत काहीतरी कुजबुज चाललेली. मग त्यातल्या धीट पोरानं विचारलं, "भाई, त्या पॅरिसच्या कॉक्सचं वजन किती व्हतं? ज्याला उतरवला त्याचं?"

"साठ," भाईंनी सवयीनं सांगितलं.

"जरा काट्यावर उभे ऱ्हाता?"

सत्त्याऐंशी भरले. छत्री काढून घेतल्यावर शहाऐंशी.

भाईंना सगळं एका क्षणात कळलं. सबंध इतिहास त्यांनीच शिकवलेला होता. त्यांना न कळून कसं चालेल? तरी ते झगडले. "आता नियम बदललाय! कॉक्स किमान पंचावन्न किलोंचा हवा!" पोरं म्हणाली, आम्ही १९०० चा नियम लावला. तोवर काठावर उघडाबंब नाचणारा एक नऊ-दहा वर्षांचा पोरगा कुणीतरी बखोटीला धरून उचलला आणि होडीत मागं नेऊन बसवला. भाईंनी स्वतःच्या हातानं गळ्यातली शिटी काढली आणि त्याच्या गळ्यात घातली. त्यांच्या तोंडावर दुःख होतं हे खरं. पण होडी खळबळत्या पाण्यावर हेलकावे घेत होती, त्यामुळे त्या दुःखात सुटका किती मिसळली होती हे मला सांगता येणार नाही.

नारळ फुटला, होड्या सुटल्या. पोरानं शिटी एकदाही वाजवली नाही. त्याला तिची गरज नव्हती. त्यानं त्या आठ दांडग्यांना बेंबीच्या देठापासून अशा काही शिव्या घातल्या, की काठावरच्या बायकांनी पदर तोंडाला लावले आणि म्हाताऱ्यांना आपली तरुणपणीची होडी आठवली. आणि गंमत म्हणजे प्रत्येक शिवी बरोबर वल्हं पाण्यात पडायच्या क्षणी येत होती. भाई चिखलातून, छत्री उलटी झालेली, होडीच्या बरोबरीनं धावत "एकदम! एकदम!" ओरडत होते. हातातलं घड्याळ चालू करायचं राहून गेलं, त्यामुळे ह्या शर्यतीची वेळ उपलब्ध नाही. मुरुड अर्ध्या होडीनं जिंकलं.

परंपरेप्रमाणे पोरांनी कॉक्सला उचललं आणि खाडीत भिरकावलं. पोरगा बुडाला, लांबवर निघाला, एकदा हात हलवला आणि सरळ पलीकडच्या काठाकडे पोहत सुटला. बघता बघता एकदऱ्याच्या बाजूला वर चढला आणि होड्यांमागं दिसेनासा झाला. शिटीसकट.

भाई वही काढून धापा टाकत आले. "नाव सांगा. कॉक्सचं नाव."

आठही जणांनी एकमेकांकडे बघितलं. पहिल्याला तो दुसऱ्याचा भाचा वाटला होता, दुसऱ्याला तिसऱ्याच्या घरचा पाहुणा. तिसऱ्यानं त्याला उचललं होतं, पण तो समोर होता म्हणून. "पन तिकडंच गेला म्हंजे," धीट पोरगा चाचरत म्हणाला, "तिकडचाच असंल."

भाईंच्या हातातली पेन्सिल थांबली. हरली ती एकदऱ्याची होडी, आणि तिला हरवणाऱ्या होडीचं सुकाणू एकदऱ्याच्या पोराच्या हाती. नाव कुणी लिहून घेतलेलं नाही. भाईंचे डोळे एवढे मोठे झाले की मला वाटलं त्यांना घेरी येते. "फोटो?" त्यांनी विचारलं. फोटो होता एका मोबाइलमध्ये. त्यात आठ पाठी स्पष्ट आल्या होत्या आणि पोराच्या तोंडावर कुणाचं तरी वल्हं.

"नाही," भाई म्हणाले. "पुन्हा नाही. माझ्यादेखत नाही."

चौकशी करता करता संध्याकाळ होत आली होती. बायका-पोरं सजून नारळ घेऊन निघाली होती, वाजंत्री लागली होती, पावसाची एक सर येऊन गेली होती. रस्त्यानं एकदऱ्याला जायचं तर वळसा, आणि तोवर अंधार. तांडेलानं काही न बोलता एक लहान होडी पाण्यात लोटली, दोन वल्ही घेतली आणि पाठमोरा बसला. भाईंनी होडीकडे बघितलं. वही सदऱ्याच्या आत खुपसली. मग दोघांनी धरून त्यांना मागच्या बाजूला, तांडेलाकडे तोंड करून, अगदी बरोबर त्या जागी बसवलं.

होडीचा दोर अजून सुटला नव्हता आणि भाईंचा चेहरा हिरवा व्हायला लागला होता.

तांडेलानं वल्ही पाण्याला लावली. "मला मागचं दिसत नाय, भाई," तो म्हणाला. "सांगा आता. डावीकडं का उजवीकडं?"

भाईंनी एका हातानं रुमाल तोंडावर घट्ट दाबून धरला आणि दुसऱ्या हाताचं बोट नुसतं पुढं केलं.